सुनयनाचं कडवं

शालन साळवे रागावली की भांडी आपटत नाही, दारं आपटत नाही. ती गप्प होते. घणसोली गावातल्या त्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिच्या नवऱ्याला, गोटीरामला, तर चांगलंच ठाऊक आहे. पण त्या शनिवारी दुपारी गाण्याच्या सरावातून ती बाहेर पडली तेव्हा गप्प नव्हती. रस्त्यानं चालताना मोठ्यांदा एकच शब्द बोलत होती. हासत. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं विचारलं, काय झालं मावशी, तर त्यालाही तिनं तेवढंच ऐकवलं. हासत म्हणे, हासत! तो बिचारा कोथिंबिरीची जुडी हातात धरून बघत राहिला.

झालं होतं ते असं. दुसऱ्या दिवशी सीवूड्सच्या एका हॉलात चार-पाच चर्चच्या मंडळ्यांची मिळून गीतांची उपासना होती, आणि तिथं गोटीरामचा सत्कार व्हायचा होता. ज्येष्ठ ख्रिस्ती गीतकार म्हणून. शाल, सन्मानचिन्ह, पाळकसाहेबांचं भाषण, सगळं ठरलेलं. शेवटी सगळ्यांनी उभं राहून त्याचं सगळ्यात गाजलेलं गीत म्हणायचं. आता यातली मेख अशी की गोटीराम साळवेनं उभ्या जन्मात एक ओळ रचलेली नव्हती. सगळी गीतं शालनची. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, एक ती आणि एक तो, आणि तो अलीकडे विसरायला लागला होता.

त्याचा तिला राग नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाव त्याला तिनंच दिलं होतं. आपण होऊन, ठरवून.

दोघं जालन्याकडची. लग्न झालं आणि गोटीरामला रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत काम लागलं, म्हणून घणसोली गावात एका आगऱ्याच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. शालनही पुढं तिकडच्याच एका कारखान्यात विजेच्या बटणांचे स्क्रू पिळायला जाऊ लागली. हात कामात, तोंड मोकळं. मशीनच्या खडखडाटात शेजारणीलाही ऐकू जात नाही, तिथं ती गाणी रचायची. कागदाशी तिचं कधी जमलं नाही. ओळ मनात बसली की बसली, मग ती हलायची नाही. चाली आईकडून आलेल्या, ओवीच्या. आणि जुन्या मराठी गीतांची रीत तिला तोंडपाठ होती, की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव घालायचं. अमका म्हणे, तमका म्हणे. गीत कोणाचं हे त्या कडव्यावरून कळतं.

त्यांना सुनयना झाली. तीन वर्षांची होती. पावसाळ्यात उलट्या आणि हगवण लागली. सकाळी खेळत होती, संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले. शालननं तिला चादरीत गुंडाळलं आणि दवाखान्यात पळाली. जाताना शेजारच्या माणसाला सांगितलं, ह्यांना बोलवा. ह्यांना कुठून बोलवायचं हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. खाडीच्या बाजूला धर्माचा गुत्ता होता, ड्युटी सुटली की गोटीराम तिथं. शेजारी गेला, सांगितलं, पोर लई आजारी हाय. गोटीराम म्हणाला, हो हो, आलोच. आणि बसून राहिला. तो घरी आला तेव्हा पोरीला पांढऱ्या कपड्यात गुंडाळून ठेवलं होतं. मग काय, पडला तिच्या पायाशी आणि हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली, सगळ्यांनी त्यालाच धरलं, त्यालाच पाणी दिलं. शालन भिंतीला टेकून बघत होती. तिच्याकडे कुणी वळून बघितलं नाही.

थोडे दिवस तो घरी बसला आणि मग पुन्हा गुत्त्यावर गेला. काय म्हणावं या माणसाला? शालननं त्याच्याशी भांडण केलं नाही. ती कारखान्यात स्क्रू पिळत बसली आणि तिनं गीत रचलं. पहिली कडवी सगळी देवाच्या मोठेपणाची होती, डोंगर केले, खाडीला भरती दिली, अशी. आणि शेवटचं हे:

आभाळ पेलिती तुझे दोन्ही हात,
एक पोर माझी का ना बसे त्यात?
गोटीराम म्हणे, गप्प नको, धन्या,
सांग आधी कुठे माझी सुनयना.

नाव मुद्दाम त्याचं घातलं. पोर गेली तेव्हा तुम्ही नव्हतात ना? मग आता तुम्हीच विचारा. दर रविवारी, सगळ्या मंडळीसमोर, स्वतःच्या नावानं विचारा. असा तिचा हिशेब होता.

रविवारी चर्चमध्ये तिनं ते गीत बायकांत म्हटलं. त्या वेळचे पाळकसाहेब म्हातारे होते, त्यांचे डोळे भरून आले. कोणी रचलं म्हणून विचारलं तर शालन म्हणाली, ह्यांनी. गोटीराम मागच्या बाकावर बसला होता, आदल्या रात्रीचा वास अजून अंगाला होता. पण लोक उठून त्याच्याकडे गेले, हात हातात घेतले, सलाम गोटीरामभाऊ म्हणाले, काय गीत रचलंत. तो नाही म्हणायला तोंड उघडायचा आणि समोरून आणखी एक हात यायचा. शेवटी नाही म्हणायची वेळ निघून गेली.

मग गुत्ता कसा जमणार? रस्त्यात पावलापावलावर सलाम. धर्माची बायको कमळी मंडळीतल्या बायकांबरोबर कामाला जायची, तिनं घरी जाऊन ते गाणं नवऱ्याला म्हणून दाखवलं होतं. एका संध्याकाळी गोटीराम गेला तर धर्मानं ग्लास पुढं केलाच नाही. म्हणाला, "भाऊ, तुमी पोरीचा गानं लिवलाव. तुमाला मी कसा देऊ? घरा जा." गोटीराम घरी आला. त्यानंतर त्यानं दारूला हात लावला नाही, हे खरं आहे आणि ते शालनही मान्य करते.

पुढं ती रचत गेली आणि गोटीराम म्हणे, गोटीराम म्हणे करत त्याचं नाव वाढत गेलं. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याला अहो म्हणून हाक मारणारी, पण चर्चमध्ये त्याचं नाव खणखणीत घ्यायची. बायका चिडवायच्या, शालनबाई, उखाणा बरा सापडलाय तुम्हाला. तो मंडळीचा पंच झाला. भाषणं करू लागला. एक मुलगा झाला, तो शिकून पुण्याला गेला. भाड्याची खोली सुटली, स्वतःची झाली. पण एक गोष्ट शालन कायम बघत आली होती. ते पहिलं गीत सुरू झालं की गोटीराम सगळी कडवी म्हणायचा, आणि शेवटचं आलं की चष्मा काढून पुसत बसायचा. लोक म्हणायचे, केवढी नम्रता, स्वतःचं नाव स्वतः घेत नाहीत. नम्रता कसली आली आहे! त्याच्या तोंडून पोरीचं नाव निघत नव्हतं. एकदाही निघालं नाही, घरी नाही, चर्चमध्ये नाही.

पोरीचं दुसरं काहीच उरलं नव्हतं. फोटो काढायचा राहूनच गेला होता. दफनभूमीत जागा कमी, जुनी कबर काही वर्षांनी दुसऱ्या कुणाला देतात, तशी तिचीही दिली. आता तिथं कुणा म्हाताऱ्याचा क्रूस आहे. शालन एकदा जाऊन बघून आली आणि परत गेली नाही. उरलं ते कडवं. आणि ते फक्त तिचं राहिलं नव्हतं. कुणाचं लेकरू गेलं की मातीच्या वेळी आई म्हणायची, शालनबाई, ते म्हणा. गेल्या वर्षी मंडळीतल्या अक्षताचं तान्हं गेलं, तेव्हा ती रडतसुद्धा नव्हती, दगड झाली होती. शालननं कडवं म्हटलं आणि सुनयनाच्या जागी अक्षतानं आपल्या बाळाचं नाव ठेवून ते म्हटलं, तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

तर त्या शनिवारी सरावाला शालन बायकांबरोबर उभी होती. नव्या पोरांनी चाल जरा उडती केली होती, गिटार, ड्रम, ठीक आहे, तिचं काही म्हणणं नव्हतं. गीताचे शब्द आता पडद्यावर दिसतात. शेवटचं कडवं आलं आणि पडद्यावर हे उमटलं:

गोटीराम म्हणे, तुझीच करणी,
हासत ठेविले सारे तुझ्या चरणी.

दोनच ओळी, खाली जागा रिकामी. शालननं गाणं थांबवलं. यशराज म्हणून मुलगा आहे, ऐरोलीत कुठल्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे, तो गाणाऱ्या मुलांचा पुढारी. वागायला चांगला, कुणाचा अपमान करणारा नाही. त्यानं शांतपणे समजावलं की आंटी, ते जुनं कडवं थोडं निगेटिव्ह वाटतं. बाहेरचे लोक येणार, व्हिडिओ जाणार, देवाला असं उलट विचारणं बरं दिसत नाही. विश्वासात तक्रार नसावी. शालननं विचारलं, हे तू रचलंस? तो घाईनं म्हणाला, नाही नाही, अंकलच्या गीताला मी कसा हात लावीन, अंकलनीच दिलंय नवीन कडवं.

आता बोला! सगळं आयुष्य दुसऱ्याच्या गाण्यावर काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसानं दोन ओळी रचल्या त्या अशा. पर्स उचलून शालन निघाली ती भाजीवाल्याला हासत ऐकवत घरी आली.

गोटीराम आरशासमोर उद्याचं जाकीट घालून बघत होता. तिला बघून हसला आणि विचारलं, बरं दिसतंय का. मग तिचा चेहरा त्याच्या ध्यानात आला आणि तो जाकिटाची बटणं काढायला लागला. कळलं होतं त्याला. आधी म्हणाला, पोरांचा आग्रह होता. मग म्हणाला, लोकांना जड जातं ते कडवं, नवीन माणसं येतात, दचकतात.

"लोकांना जड जातं, का तुमाला?"

तो पलंगावर बसला. मग त्यानं खाली बघत सांगितलं की मला. दर रविवारी ते येतं. पहिलं कडवं सुरू झालं की कळतं, पुढं ते येणार. शेजारी मला बोलवायला आला होता, त्याचं तोंड दिसतं. आता म्हातारा झालो, एकदा तरी सुटू दे.

तुम्हाला वाटेल, बाई विरघळली असेल. नाही विरघळली. विरघळायचे दिवस होते तेव्हा हा माणूस गुत्त्यावर होता. सुटायचं होतं तर नाव काढायचं होतं स्वतःचं, तिनं काही हरकत घेतली नसती. पण नाव तसंच ठेवलं, शाल मिळायची होती ना! नाव ठेवलं आणि लेकरू तेवढं उचलून बाहेर ठेवलं. वर म्हणे हासत. कोण हसत होतं त्या रात्री? कुठल्या तोंडानं लिहिलं? हे सगळं तिच्या मनात उसळलं, पण तोंडातून एवढंच आलं.

"नाव ठेवलं तुमी. पोर काढली."

त्यावर गोटीराम म्हणाला, उद्याचा एवढा दिवस जाऊ दे. शालन गप्प झाली. मग मात्र तो घाबरला. रात्री जेवताना त्यानं दोनदा विचारलं, येणार ना उद्या. तिनं त्याच्या पानात भाकरी वाढली.

ती आली. पांढरं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली. हॉल भरलेला, गार, पुढं भला मोठा पडदा. पाळकसाहेबांनी भाषण केलं, देवानं या भावाला दिलेलं दान वगैरे. गोटीरामला शाल घातली. मग निवेदन करणाऱ्या मुलीनं, त्यांच्यामागे खंबीरपणे उभ्या राहिलेल्या त्यांच्या पत्नी, असं म्हणून शालनच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. शालननं तो खुर्चीखाली ठेवला आणि व्यासपीठाखाली गाणाऱ्या बायकांत जाऊन उभी राहिली.

गीत सुरू झालं. अख्खा हॉल उभा राहिला. डोंगर झाले, खाडीची भरती झाली. व्यासपीठावर गोटीराम गात होता, आज चांगला मोकळ्या गळ्यानं, कारण आज पुढं काही भ्यायचं नव्हतं. पडद्यावर नव्या ओळी आल्या. आणि मुलांनी सूर धरायच्या आत शालननं जुनं कडवं उचललं.

मशीनच्या आवाजावर चढवून कमावलेला गळा तो. माईक असो नसो, त्याला फरक पडत नाही. आभाळ पेलिती तुझे दोन्ही हात. मागच्या बायकांनी पडद्याकडे बघितलंच नाही, सवयीनं तिच्या मागोमाग गेल्या. ड्रमवाला थांबला. गिटारवाला थांबला. एक पोर माझी का ना बसे त्यात. आणि तिसऱ्या ओळीला शालननं म्हटलं, शालन ही म्हणे. बायकांच्या तोंडात गोटीरामच होतं. दोन नावं एकमेकांवर आपटली, गाणं तिथंच मोडलं.

यशराज माईकवर हळूच म्हणाला, आंटी जरा इमोशनल झाल्या आहेत, आपण पुन्हा सुरू करू या. शालननं त्याच्याकडे बघितलं. तो माईकपासून दूर सरकला.

गोटीराम तसाच उभा होता. मग त्यानं शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि माईकपाशी आला.

"गीत हिचं आहे. सगळीच हिची आहेत. मी एक ओळ रचली नाही. हिनं माझं नाव घातलं आणि मी ते घेतलं. आमची मुलगी गेली तेव्हा मी दारू पीत बसलो होतो. मला बोलवायला माणूस आला होता. मी गेलो नाही."

कुणीतरी प्रभू प्रभू म्हणालं. पाळकसाहेब उठायला लागले, बहुतेक त्याच्या पाठीवर हात ठेवायला. शालनला त्या रात्रीची गल्ली आठवली. तिथंही सगळ्यांनी त्यालाच धरलं होतं, त्यालाच पाणी दिलं होतं. तिचं अंग पेटलं. मी गेलो नाही म्हणून कबूल केलं, चांगलं केलं, पण पोरीचं नाव कुठं घेतलं? आमची मुलगी म्हणे. आमच्या मुलीला नाव होतं.

"म्हणा मग," ती खालून म्हणाली.

पाळकसाहेब पुन्हा खाली बसले. गोटीरामनं चष्म्याकडे हात नेला आणि परत खाली आणला. तो गायला लागला. गळा चांगला नव्हताच, आता तर फाटला होता. आभाळ, दोन्ही हात, एक पोर माझी. गोटीराम म्हणे, गप्प नको, धन्या. सांग आधी कुठे माझी, इथवर आला आणि अडकला. पुढचा शब्द सगळ्या हॉलाला येत होता. बायकांचे ओठ उघडले होते, अक्षतानं तर श्वासही घेतला होता. शालननं मागं न बघता हात वर केला आणि सगळ्या थांबल्या. कुणी त्याला शब्द दिला नाही. तिनंही दिला नाही.

गोटीराम उभा राहिला, उभा राहिला. तोंड वाकडं झालं, सरळ झालं. आणि मग गाण्यात नव्हे, सुरात नव्हे, गल्लीत खेळणाऱ्या पोरीला जेवायला हाक मारावी तसं तो म्हणाला, "सुनयना."

शालननं हात खाली घेतला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याशिवाय कुणीतरी त्या पोरीला हाक मारली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग गेला नाही. तिला तो जायला नकोच होता.

कार्यक्रम कसाबसा संपला. लोक चहाकडे गेले, दोघांकडे बघायचं टाळत. गोटीराम व्यासपीठाच्या पायरीवर बसला होता आणि अक्षता त्याच्याशेजारी जाऊन बसली होती. यशराज शालनपाशी आला, बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, आंटी सॉरी, जुनं कडवं परत घालतो, उद्याच बदलतो. मग चाचरत विचारलं की नाव आता तुमचं घालायचं ना, शालन म्हणे असं.

शालननं खुर्चीखालचा गुच्छ काढला, झटकला आणि पायरीवर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "त्यांचंच राहू दे. त्यांनी आज कुठं एकदा विचारलंय."